नैसर्गिक वायू 'स्वच्छ' रकान्यात लिहायचा की नाही? मुलांनी विचारलंय, मदत करा

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. मी चिपळूणला ज्युनियर कॉलेजात भूगोल आणि पर्यावरण शिकवते. डिसेंबरात तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आहे, त्यासाठी आमच्या अकरावीच्या पोरांनी एक मोठा तक्ता करायला घेतलाय. दोन रकाने, एकात स्वच्छ ऊर्जा आणि दुसऱ्यात प्रदूषण करणारी. सौर, पवन एकीकडे गेले, कोळसा, डिझेल दुसरीकडे गेले, आणि नैसर्गिक वायूपाशी जी गाडी अडली ती चार दिवस तिथेच आहे. निम्मा वर्ग म्हणतो सीएनजीच्या रिक्षेवर हिरवा पट्टा असतो म्हणजे स्वच्छच, आणि निम्मा म्हणतो की जमिनीतून निघतो म्हणजे कोळशाचाच भाऊ.

वर्गात एक मुलगी वेलदूरकडची आहे, दाभोळच्या गॅस प्रकल्पाच्या धक्क्याला लागलेली जहाजं लहानपणापासून बघितलीत तिने. ती शांतपणे उठली आणि म्हणाली, "मॅडम, ते जहाज अमेरिकेतून येतं ना, मग इथपर्यंत येईस्तोवर किती गॅस वाटेत उडून जातो?" मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचत बसले तर डोकं अजूनच भंजाळलं. एकीकडे वाचते की गॅसवर वीज केली तर कोळशाच्या साधारण निम्माच कार्बन डायऑक्साइड निघतो, राख नाही, गंधक जवळजवळ नाही. दुसरीकडे वाचते की गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन आणि तो न जळता हवेत गेला तर भयंकर. आपल्या सरकारचं धोरण असं की एकूण ऊर्जेत गॅसचा वाटा सहा-सात टक्क्यांवरून २०३० पर्यंत १५ टक्क्यांवर न्यायचा, आणि २०७० पर्यंत नेट झिरो, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषून घ्यायचा, असंही ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ साली जाहीर केलंय. हे दोन्ही एकत्र कसं बसतं?

हा प्रश्न माझ्यासाठी नुसता तक्त्याचा नाही. जुलै २०२१ च्या पुरात आमच्या बिल्डिंगचा पहिला मजला पाण्याखाली होता, त्या रात्री ही मुलं बारा-तेरा वर्षांची होती आणि कित्येकांनी ती रात्र माळ्यावर, पत्र्यावर काढली. त्यांना हवामान बदल पुस्तकातून शिकवावा लागत नाही, त्यामुळे मला त्यांना अर्धवट उत्तर द्यायचं नाहीये. ज्यांनी या क्षेत्रात काम केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

मीटरवाला

ताई, मी ३१ वर्षं शहरातल्या पाइप गॅसच्या कामात होतो, गेल्या वर्षी रिटायर झालो. कंपनीचं नाव नको, कामाचं सांगतो.

पहिली गोष्ट मुलांना ही सांगा की मिथेनला वास नसतो, रंग नसतो. घरात येणाऱ्या गॅसला जो कुजक्या कोबीसारखा वास येतो ना, तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टन नावाच्या रसायनाचा असतो, गळती कळावी म्हणून. म्हणजे घरात गळला तर नाकाला कळतो, पण विहिरीपाशी, कॉम्प्रेसरपाशी, मोठ्या ट्रान्समिशन लाइनवर बऱ्याच ठिकाणी वास मिसळलेलाच नसतो, तिथे यंत्र लावून शोधलं तरच सापडतो, नाही शोधला तर गळतच राहतो.

दुसरी गोष्ट. आम्ही गळती कशी शोधायचो तर डिटेक्टर असायचाच, पण शेवटची खात्री साबणाच्या पाण्याने. वाटीत साबणाचं पाणी करायचं, ब्रशने रायझरच्या, म्हणजे बिल्डिंगवर चढणाऱ्या उभ्या पाइपाच्या, जॉइंटला लावायचं आणि थांबायचं. दहा सेकंद काही नाही, मग एक बारीकसा बुडबुडा येतो, टाचणीच्या डोक्याएवढा, तो फुगतो, फुटतो, परत दुसरा येतो. एवढ्याशा बुडबुड्यासाठी मी चौथ्या मजल्याच्या बाहेर दोरीवर लटकलोय, कारण तो बुडबुडा रात्रंदिवस वर्षभर चालू राहिला तर किती होतो याचा हिशोब आम्हाला पहिल्याच ट्रेनिंगला शिकवलेला. त्या मानाने जेसीबीने रस्ता खोदताना पाइप फोडला तर तो मोठा आवाज करतो, सगळे धावतात, अर्ध्या-एक तासात बंद होतो. खरा घात बारीक गळत्या करतात, कारण त्यांच्याकडे कुणी धावत नाही.

हिशोब असा. एक किलो मिथेन नीट जळला की साधारण पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो. तोच एक किलो न जळता हवेत गेला तर पुढच्या २० वर्षांचा विचार केला तर जवळपास ८० किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता धरून ठेवतो. आता १०० किलो गॅस जाळला, २७५ झाले. त्याच वेळी मागे साखळीत कुठेतरी ३ किलो गळला, त्याचे २४०. म्हणजे शंभरात तीन गळले की गॅसचा भार जवळजवळ दुप्पट, आणि कोळशाच्या निम्मा म्हणून जो फायदा होता तो गेला. मुलांना हे फळ्यावर करायला लावा, गुणाकाराशिवाय काही लागत नाही.

झाडीपट्टी

ताई नमस्कार. मी जरा दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका.

मी विदर्भात कोळशाच्या वीज केंद्रापासून चार-पाच किलोमीटरवर वाढलो. उन्हाळ्यात आई गच्चीवर पापड-कुरडया घालायची, वर जुनं धोतर पसरून, आणि संध्याकाळी काढताना त्या धोतरावर बोट फिरवलं तर करड्या रंगाची रेघ उमटायची. बोटं एकमेकांवर घासली की ते पीठासारखं मऊ लागायचं, मातीसारखं खरखरीत नाही. ती फ्लाय अॅश, कोळशाची उडती राख. माझ्या धाकट्या बहिणीला दर हिवाळ्यात वाफ द्यावी लागायची, अजूनही इन्हेलर आहे. नागपूरला शिकायला गेली आणि सहा महिन्यांत खोकला कमी झाला.

त्यामुळे कुणी "गॅस पण कोळशाइतकाच वाईट" म्हटलं की मला आतून त्रास होतो. हवामानाचा हिशोब एक, आणि फुफ्फुसाचा हिशोब दुसरा. गॅसच्या केंद्रातून राख निघत नाही, पारा निघत नाही, राखेचे तलाव लागत नाहीत. मुंबईत टॅक्सी-रिक्षा सीएनजीवर गेल्या तेव्हा सिग्नलला जो काळा धूर तोंडावर यायचा तो गेला, हे ज्यांनी आधीची मुंबई बघितलीय त्यांना विचारा. आणि मिथेन काय फक्त गॅसवाल्यांचाच निघतो का, कोळशाच्या खाणीतून पण निघतो, खोल खाणी असल्या की जास्त.

तक्त्यात गॅसला कोळशाच्या शेजारी बसवलं तर आमच्याकडच्या पोरांवर तो अन्याय आहे, एवढंच म्हणणं आहे.

वाशिष्ठीकाठ

झाडीपट्टी, राग कसला, हे मुलांना वाचून दाखवणार आहे मी. धोतरावरची रेघ तर नक्कीच.

मीटरवाला काका, तुमचा हिशोब आज वर्गात केला, मुलं चाट पडली. पण लगेच पुढचा प्रश्न आला की खरोखर शंभरात किती गळतो हे कुणी मोजलंय का? आणि जहाजाचं?

टेक्सासकर

मोजलंय, आणि मोजण्यावरूनच सगळं राजकारण आहे. लांब लिहितोय, सहन करा. मूळचा मिरजेचा, अकरा वर्षं पश्चिम टेक्सासात, मिडलंडजवळ. हाच तो पर्मियन बेसिन, अमेरिकेचं सगळ्यात मोठं तेलक्षेत्र. माझं काम उपकरणांच्या तपासणीचं.

इथे लोकांना पाहिजे असतं तेल, गॅस त्याच्याबरोबर येतो, न सांगता येतो म्हणा. तेल टँकरने पण नेता येतं, गॅसला पाइपलाइन लागते आणि ती पुरेशी नसली की गॅस म्हणजे नको असलेला पाहुणा. २०२४ साली इथल्या वाहा नावाच्या केंद्रावर कित्येक दिवस गॅसचा भाव शून्याच्या खाली होता, म्हणजे घेऊन जाणाऱ्यालाच पैसे द्यायचे. अशा वेळी विहिरीवर काय करतात, तर जाळून टाकतात, त्याला फ्लेअर म्हणतात. रात्री हायवेवरून निघालो तर क्षितिजावर रांगेने ज्वाळा, सुरुवातीला मला दिवाळीतल्या पणत्या वाटल्या होत्या. पण जळणाऱ्या फ्लेअरपेक्षा विझलेला फ्लेअर वाईट, वाऱ्याने ज्वाळा विझली की नळीतून सरळ मिथेन वर जातो आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं की चला, इथे तरी काही जळत नाहीये.

आमच्याकडे इन्फ्रारेड कॅमेरा असतो. पहिल्या वर्षीची गोष्ट, एका तेलाच्या टाकीपाशी उभा होतो, वर निळंशार आकाश, टाकी नवी कोरी, पांढरी, वास नाही काही नाही. कॅमेरा डोळ्याला लावला आणि टाकीच्या झाकणाच्या कडेने काळा धूर भळाभळा निघत होता, ओलं लाकूड घातल्यावर चुलीतून निघतो ना तसा, आणि वाऱ्यावर माझ्याच बाजूने वाहत होता. कॅमेरा खाली घेतला, परत निळं आकाश. झाकणाचा रबर खराब झालेला, पंधरा मिनिटांचं काम. तो किती महिने तसा होता कुणालाच माहीत नव्हतं, कारण बघायलाच कुणी आलं नव्हतं.

आता आकडे. २०१८ साली 'सायन्स' या संशोधन नियतकालिकात मोठा अभ्यास आला, त्यात अमेरिकेतल्या तेल-गॅस साखळीतून एकूण उत्पादनाच्या सुमारे २.३ टक्के मिथेन गळतो असं निघालं, सरकारी अंदाजापेक्षा ६० टक्के जास्त. कारण सरकारी आकडा हा कागदावर केलेला असतो, इतके व्हॉल्व्ह गुणिले इतकी सरासरी गळती, आणि असे विझलेले फ्लेअर, उघडी झाकणं त्या सरासरीत बसतच नाहीत. थोड्याच जागा बहुतेक गळती करतात. कॅलिफोर्नियातली आलिसो कॅन्यन घ्या, ऑक्टोबर २०१५ ते फेब्रुवारी २०१६, जमिनीखालच्या साठ्याची एकच विहीर फुटली आणि साधारण एक लाख टन मिथेन हवेत गेला.

जहाजाचं. गॅस उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की द्रव होतो आणि सहाशेपट कमी जागेत मावतो, तीच एलएनजी. हे थंड करायलाच गॅसचा चांगला मोठा हिस्सा खर्ची पडतो, आठ-दहा टक्के धरा. मग जहाज निघालं की टाकी कितीही चांगली असली तरी रोज थोडा गॅस उकळून वाफ होतोच, त्याला बॉइल-ऑफ म्हणतात. तो फुकट सोडत नाहीत, बहुतेक जहाजं तोच इंजिनात जाळतात, पण काही प्रकारच्या इंजिनांत थोडा मिथेन न जळता धुराड्यातून निसटतो. त्या मुलीला सांगा, तिचा प्रश्न बरोबर जागी लागलाय. दाभोळला अमेरिकन कराराचं पहिलं जहाज ३० मार्च २०१८ ला लागलं, लुइझियानातल्या सबीन पासहून, तीन-चार आठवड्यांचा प्रवास करून. आपल्या 'गेल' या सरकारी गॅस कंपनीचा तो २० वर्षांचा करार आहे, वर्षाला ३५ लाख टनांचा. आमच्याकडचा गॅस पाइपाने समुद्राकडे जातो आणि अशाच टर्मिनलमधून जहाजात चढतो, त्यामुळे इथल्या टाकीचं झाकण आणि गुहागर तालुक्यातला हा दाभोळ प्रकल्पाचा धक्का एकाच साखळीची दोन टोकं आहेत.

२०२४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट हॉवर्थ यांनी हिशोब मांडला की २० वर्षांचं माप धरलं तर अमेरिकेतून निर्यात होणाऱ्या एलएनजीचा हवामानावरचा भार कोळशापेक्षा ३३ टक्के जास्त. त्यावर खूप वाद आहेत, १०० वर्षांचं माप धरा, वीज किती कार्यक्षमतेने करता ते धरा, असं बरेच तज्ज्ञ म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पण वाद मिटवायला मोजणी लागते आणि नेमकी तीच मागे जातेय. २०२२ च्या कायद्याने इथे जास्तीच्या मिथेन गळतीवर टनाला ९०० डॉलरपासून दंड लागणार होता, २०२५ मध्ये इथल्या संसदेने आधी त्याची नियमावली रद्द केली, मग दंडच २०३४ पर्यंत पुढे ढकलला. मिथेन शोधायला मार्च २०२४ मध्ये सोडलेला मिथेनसॅट हा उपग्रह जून २०२५ मध्ये संपर्काबाहेर गेला. मला हे फार लागतं, कारण ही सगळ्या प्रदूषणातली सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आहे. रबर बदलायचा असतो हो.

झाडीपट्टी, तुमचं म्हणणं मी खोडत नाहीये. घरापाशी गॅस कोळशापेक्षा बराच बरा. फक्त तुमच्याकडचा धूर डोळ्याला दिसत होता आणि आमच्याकडचा दिसत नाही.

झाडीपट्टी

टेक्सासकर भाऊ, पटलं. म्हणजे राख नको आणि गळती पण नको.

तिनसुकिया_रिटर्न

थोडक्यात लिहितो. बँकेच्या बदलीवर आसामात होतो तेव्हा बागजानची विहीर फुटली, २७ मे २०२०. तेरा दिवस नुसता गॅस उसळत होता आणि ९ जूनला पेटला, आग विझवणारे दोन जवान गेले. नोव्हेंबरात कुठे ती आग पूर्ण आटोक्यात आली. शेजारी मागुरी-मोटापुंग बील, म्हणजे मोठं पाणथळ, आणि पलीकडे डिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान. हजारो लोक शाळांमधल्या छावण्यांत राहिले. आमच्या शाखेत एक खातेदार पासबुक भरायला यायचे, भात आणि थोडे चहाचे मळे होते त्यांचे. त्यांनी एक पान आणून काउंटरवर ठेवलं, हिरवं पान आणि त्यावर तेलाचा तवंग, तव्यावरून काढल्यासारखं चकचकीत. काही बोलले नाहीत, पान तिथेच ठेवून गेले.

हवामानाच्या चर्चेत टक्के येतात, पण गॅस जिथून काढतात तिथे माणसं, मासे, शेती असते, एवढं तक्त्यात यावं.

अंजनवेल_बंदर

सर, मॅडम, आमच्या गावाचं नाव निघालं म्हणून लिहितो.

दाभोळ म्हणतात पण प्रकल्प आहे अंजनवेल-वेलदूरला, खाडीच्या अल्याड, दाभोळ पल्याड. माझ्या शाळेच्या वयात एन्रॉन ही अमेरिकन कंपनी आली. १९९९ ला पहिला टप्पा सुरू झाला, ७४० मेगावॅट, आणि गंमत नाही, खरं सांगतो, गॅसचा प्रकल्प म्हणून आलेला तो चालला नाफ्थ्यावर, म्हणजे खनिज तेलापासूनच्या द्रव इंधनावर. वीज इतकी महाग की २००१ ला मेमध्ये बंद पडला, डिसेंबरात एन्रॉनच दिवाळखोरीत. मग २००५ ला रत्नागिरी गॅस अँड पॉवर झाली, १९६७ मेगावॅटची केंद्रं, एलएनजी टर्मिनल २०१३ ला लागलं. तोवर कृष्णा-गोदावरीच्या समुद्रातला गॅस घटला आणि त्याच वर्षी केंद्रं थंड. पुढे रेल्वेला वीज द्यायला त्यातलं थोडं चालू झालं. टर्मिनलला बरीच वर्षं ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा बांध, पूर्ण नव्हता म्हणून पावसाळ्यात जहाज लागायचंच नाही.

हे का सांगतो, तर मॅडमनी विचारलं की १५ टक्के आणि नेट झिरो एकत्र कसं बसतं. देशात गॅसवरची सुमारे २० हजार मेगावॅटची केंद्रं आहेत आणि त्यातली बरीचशी वर्षातला बहुतेक काळ बसून असतात, कारण आयातीचा गॅस परवडत नाही. आपण निम्मा गॅस बाहेरून आणतो. युक्रेनचं युद्ध झालं तेव्हा युरोपने जास्त भाव देऊन जहाजं ओढून घेतली, आपण बघत राहिलो. म्हणजे टर्मिनल, पाइपलाइन यात २०-२५ वर्षांचे पैसे गुंतवायचे, आणि तेवढ्यात बॅटरी आणि सौर स्वस्त झालं तर ती लोखंडं पडून राहणार किंवा पैसे वसूल करायला गॅस जाळतच राहायला लागणार. माझ्या मते गॅस ठेवावा, पण खत कारखाने, शहरातला स्वयंपाक आणि संध्याकाळी सूर्य गेल्यावर विजेची जी ओढ लागते ती, एवढ्यापुरता. नवीन मोठी केंद्रं नकोत.

आणि अजून एक. २०२१ ला ग्लासगोलाच जागतिक मिथेन करार झाला, २०३० पर्यंत मिथेन ३० टक्के कमी करायचा. भारताने सही केली नाही, कारण आपला बराचसा मिथेन गुरांचा आणि भातशेतीचा, छोट्या शेतकऱ्यावर बोजा नको. ते मला मान्य आहे, माझ्या गोठ्यात दोन म्हशी आहेत आणि खाचरात भात आहे. पण म्हशीचं कारण देऊन पाइपलाइन का सुटावी? गॅस कंपन्यांना मोजणी सक्तीची करा, आणि आयात करताना विचारा की बाबा हा गॅस आला त्या विहिरीवर गळती किती आहे, कागद दाखव. युरोपियन युनियनने २०२४ ला तसा कायदा केलाय, आयात गॅसलाही टप्प्याटप्प्याने तो लागणार आहे. आपण एवढे मोठे गिऱ्हाईक, आपण का विचारू नये?

वाशिष्ठीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आज शेवटच्या तासाला हे सगळं मुलांना वाचून दाखवलं, घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

दोन रकान्यांचा तक्ता त्यांनी स्वतःच फाडला. आता आडवा लांब कागद घेतलाय, डावीकडे टेक्सासची विहीर, मग टाकी, पाइप, थंड करायचा कारखाना, जहाज, वेलदूरचा धक्का, परत पाइप, आणि उजवीकडे घरातली शेगडी. प्रत्येक ठिकाणी गॅस कुठून निसटतो ते लाल खडूने. त्याच्या खाली समांतर कोळशाची वाट, खाणीपासून झाडीपट्टींच्या गच्चीपर्यंत. बागजानचं पान वेगळं काढून सगळ्यात डावीकडे विहिरीपाशी चिकटवणार आहेत, खरं पान, तेल लावून. जहाजाचा भाग वेलदूरची मुलगी काढतेय, तिला जहाजाच्या टाक्या गोल घुमटासारख्या की चौकोनी हे तिच्या वडिलांना विचारून यायचंय, ते रोज होडीतून बघतात.

मीटरवाला काका, एक विनंती. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तुम्ही चिपळूणला येऊ शकाल का? येण्या-जाण्याचं आम्ही बघतो. मुलांना तो बुडबुडा प्रत्यक्ष बघायचाय.

मीटरवाला

येतो की. खराच गॅस वर्गात नको, सायकलची ट्यूब आणि एक जुना जॉइंट घेऊन येतो, हवेवर पण बुडबुडा तसाच येतो. साबण मात्र भांडी घासायचा लिक्विडवाला आणून ठेवा, वडीचा नीट फेस धरत नाही. आणि ब्रश बारीक लागेल, रंगकामाचा एक नंबरचा.